बिकानेर, जोधपूर की दुबई? बाबू, आधी राहायची खोली कुठं ते विचार

पत्र:
आदरणीय ताई, मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २४, आयटीआय इलेक्ट्रिशियन. घरी आई, मी आणि चार एकर कोरडवाहू. मागच्या वर्षी पुण्याजवळ एका कारखान्यात लागलो होतो. बारा तासांची ड्यूटी, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. काम जड नव्हतं, पण तिथं कोणी बोलेच ना. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडातून शब्द निघत नव्हता. आठ महिन्यांत परत आलो. आता सोलरच्या कामाचा एक ठेकेदार राजस्थानात न्यायला तयार आहे. जोधपूर, बिकानेर, जैसलमेर, तिन्हीकडे त्याची कामं आहेत. कुठं जायचं ते तूच सांग म्हणतो. मावसभाऊ दुबईला आहे, तो म्हणतो इकडे ये. पगारात फरक आहे, पण मले पैशापेक्षा माणसं पाहिजेत. तुम्ही राजस्थानात राहिल्या आहात असं वाचलं होतं. यातल्या कोणत्या गावची माणसं जास्त मायाळू? आणि एक गोष्ट, आम्ही बौद्ध आहोत. तिथं आडनाव विचारतात का?

उत्तर:
बाबू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'तोंडातून शब्द निघत नव्हता' या ओळीपाशी थांबले. ताप आला तर माणूस डॉक्टरकडे जातो, हे दुखणं घेऊन कुणाकडे जायचं? तू परत आलास म्हणून गावात कुणी टोमणे मारले असतील तर मनावर घेऊ नकोस. पगाराच्या आधी माणसांची चौकशी करणारा मुलगा मला शहाणा वाटतो.

आधी पुण्याचं बोलू. बारा तास ड्यूटी आणि दर आठवड्याला बदलणारी पाळी. तू उठायचास तेव्हा शेजारचे झोपलेले असणार आणि ते चहाला बाहेर पडायचे तेव्हा तू मशीनपाशी. अशा जगण्यात सगळ्यात मायाळू गाव दिलं असतं तरी तिथली माणसं तुला दिसली कधी असती? माणसं बोलतात ती त्यांच्या सवडीच्या वेळी, त्यांच्या नेहमीच्या बसायच्या जागी. त्या वेळी त्या जागी आपण असलो तर ओळख होते. मी जी वाळवंटी शहरं पाहिली, ती पुढे पुढे याच नजरेनं पाहायला लागले.

यजमानांच्या नोकरीमुळे सहा वर्षं मी जोधपूरच्या जुन्या शहरात काढली. त्या काळात बिकानेर आणि जैसलमेरला लग्नाकार्यांना बरेचदा मुक्काम झाले. पुढे लेकीच्या बाळंतपणाला चार महिने दुबईत होते. तेवढ्यावरून सांगते.

वाळवंटातली माणसं तुला अगदीच परकी नाहीत. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की कच्छकडचे मेंढपाळ रबारी उंटांवर खाटा, भांडी, लेकरं घेऊन आपल्या शिवारात उतरतात. त्यांची मेंढरं रात्री वावरात बसवली की खत होतं, म्हणून शेतकरी त्यांना धान्य देतो, पैसे देतो. तुझ्या आईनं त्यांच्या बायांना कधीतरी हंडाभर पाणी दिलंच असेल. आता तू त्यांच्या मुलखाकडे निघाला आहेस. तिथंही पहिली गोष्ट पाण्याचीच असते.

जैसलमेरला वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे पावसाचे चार दिवस चांगले लागले तर तेवढा एका आठवड्यात होतो. मारवाडात म्हण आहे, तूप सांडलं तर माझं काही जात नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो. अशा मुलखात जो दारात आलेल्याला न विचारता पाणी देतो, तो आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं काढून देत असतो. रस्त्यारस्त्यावर प्याऊ, म्हणजे आपली पाणपोई. एक म्हातारा किंवा म्हातारी माठ घेऊन बसलेली असते आणि लांब नळीच्या झारीतून तुझ्या ओंजळीत वरून धार सोडते. या झारीकडे मी पुन्हा येईन.

जोधपूरचे लोक आपल्या गावाच्या स्वभावाला अपणायत म्हणतात. परक्याला आपलं करून घेणं, असा त्याचा अर्थ. जेवायला बोलावलं तर मनुहार करतात. नको नको म्हणत असताना घास किंवा मिठाईचा तुकडा स्वतःच्या हातानं तोंडात घालतात. आम्ही तिथं गेलो तो मे महिना होता आणि नवतपा, म्हणजे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झालेला. (हा शब्द तिथंही आहे, ते नौतपा म्हणतात.) पहिल्याच रात्री लाईट गेली. सामान बांधलेलंच होतं, लहान लेकरू रडत होतं. शेजारच्या गच्चीवरून एका बाईनं हाक मारली, 'बाईसा, ऊपर आ जाओ', आणि दोन घरांमधल्या कठड्यावरून एक खाट आमच्या गच्चीवर सरकवली. जुन्या जोधपुरात गच्चीला गच्ची लागलेली असते. उन्हाळ्यात सगळी गल्ली वर झोपायची. सहा वर्षांत माझी जी म्हणून मैत्री झाली ती त्या गच्च्यांवर झाली.

पण ते जुनं शहर आणि तो जुना काळ. २०११ च्या जनगणनेतच जोधपूरची वस्ती दहा लाखांवर गेली होती. हायकोर्ट, एम्स, कोचिंग क्लास, सगळं तिथं आहे. आज तुझ्यासारख्याला खोली मिळेल ती बहुतेक शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत, आणि तिथं संध्याकाळी फाटकं बंद होतात, आत कूलर चालू असतात. अपणायत तिथंही असेल, पण ती शोधायला तुला शहरात यावं लागेल. ड्यूटीवरून आल्यावर बसनं परत गावात जायची ताकद उरते का, ते तुलाच माहीत.

बिकानेरचं मात्र मला जरा सविस्तर सांगायचं आहे. तिथं जुन्या शहराच्या चौकाचौकात पाटे आहेत. पाटा म्हणजे आपला बसायचा पाट नव्हे. एखाद्या खोलीएवढा लाकडी तख्त, भक्कम पायांचा, वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवलेला. रात्रीची जेवणं झाली की माणसं घरातून निघून पाट्यावर येऊन बसतात. पत्ते, बुद्धिबळ, निवडणूक, क्रिकेट, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं दुकान बसलं. वाळू जशी लवकर तापते तशी लवकर निवते, त्यामुळे दिवसा अंगाची लाही करणारं गाव रात्री बसण्याजोगं होतं आणि उन्हाळ्यात या गप्पा मध्यरात्रीच्या पुढे चालतात. लग्नाची बोलणी पाट्यावर होतात, मयताच्या घरचे भेटीलाही तिथंच बसतात. आपल्याकडे पिंपळाचा पार असतो ना, तसं समज. फरक एवढाच की आपले पार आता ओस पडत चालले आहेत आणि त्यांचे पाटे अजून भरतात.

बिकानेरी माणूस जोधपूरकरासारखा साखर घोळवून बोलत नाही. तो चिडवतो, वाद घालतो, तुझ्या तोंडावर तुझं मत खोडून काढतो. पहिल्या दिवशी वाईट वाटेल. पण चिडवणं हीच तिथली जवळ घेण्याची रीत आहे. काठाला बसून नुसतं ऐकत राहिलास तर तिसऱ्या-चौथ्या रात्री कुणीतरी 'कठै रा हो?' असं विचारेलच. कुठले तुम्ही? तेव्हा वर्धा, कापूस, गांधीजींचा सेवाग्राम, जे मनात येईल ते सांग. माणसं सरकून जागा देतात.

दोन गोष्टी लपवणार नाही. एक, पाटा पुरुषांचा. मी कितीदा तिथं गेले, पण बसले ती उंबऱ्यावर, बायकांत. तुझ्या जागी तुझी बहीण असती तर मी बिकानेरचं असं कौतुक केलं नसतं. दुसरी, बरेच पाटे एकेका जातीच्या मोहल्ल्यातले आहेत. म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. तो तू सगळ्यात शेवटी, एका ओळीत विचारलास. मला वाटतं, मनात तो पहिला होता.

हो, विचारतात. नावानंतरचा दुसरा प्रश्न तोच असतो, आणि आडनावावरून कळलं नाही तर सरळ जात विचारतात. आपल्याकडे आडवळणानं काढून घेतात, तिथं तोंडावर विचारतात. ज्या बाईनं पहिल्या रात्री आमच्या लेकरासाठी खाट सरकवली, तीच गल्ली झाडायला येणाऱ्या बाईला चहा वेगळ्या कपात द्यायची. तो कप ती झाडणारी स्वतः धुऊन बाहेरच्या कोनाड्यात उपडा ठेवायची. सहा वर्षं मी ते रोज पाहिलं आणि एकदाही बोलले नाही. शेजार तुटेल, परमुलखात एकटी पडेन, या भीतीनं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. ती लांब नळीची झारीही तशीच. तहानलेल्याला पाणी मिळतं हे खरं, आणि भांड्याला कुणाचा हात लागू नये याची सोय त्याच झारीत आहे हेही खरं. मायाळूपणा खोटा नसतो बाबू. पण तो कुठपर्यंत पोचतो ते पाहावं लागतं.

हे केवळ त्यांचं आहे असं मी म्हणू शकत नाही. तुझ्या आजोबांनी आपल्याच गावात काय सोसलं ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. आणि दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यात आहे. जमनालाल बजाज मूळचे सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातले, लहानपणी वर्ध्याला दत्तक आले. १९२८ साली, गांधीजी सेवाग्रामला राहायला यायच्या आठ वर्षं आधी, त्यांनी सनातन्यांचा विरोध पत्करून आपल्या घराण्याचं वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. त्याच मारवाडी मुलखातून आलेला माणूस होता तो.

तू खोली घेताना आपली ओळख आधी सांग, ॲडव्हान्स द्यायच्या आधी. नंतर कळून घरमालकाचं तोंड फिरलं तर परमुलखात ते फार लागतं. आधी सांगितलंस आणि त्यानं नाही म्हटलं, तर एक दार गेलं, तुझं मन तरी शाबूत राहतं. जुन्या मोहल्ल्यांपेक्षा नोकरदारांच्या मिश्र वस्तीत खोली बघ, तिथं ही चौकशी कमी असते. १४ एप्रिलला त्या शहरातली जयंतीची मिरवणूक शोधून काढ आणि सामील हो. एका दिवसात पन्नास माणसं भेटतील आणि त्यांना तुझ्या आडनावाची काही अडचण नसेल. पाट्यावर पहिल्यांदा जाशील तो कामावरच्या एखाद्या बिकानेरी मित्राबरोबर जा. कुणाच्या तरी संगतीनं आलेला माणूस तिथं पाहुणा ठरतो.

जैसलमेर थोडक्यात सांगते. ११५६ साली वसलेलं, किल्ल्यात आजही माणसं राहतात असं सुंदर गाव, आणि लहान. २०११ मध्ये वस्ती ६५ हजारांच्या घरात होती. ऑक्टोबर ते मार्च पर्यटकांचा हंगाम. त्या काळात तिथलं हसू खरं असतं पण घाईतलं असतं, सुगीच्या दिवसांत आपल्या अडत्याचं असतं तसं. एप्रिलनंतर गाव रिकामं होतं, गाईड, उंटवाले, हॉटेलातली पोरं मोकळी होतात आणि तेव्हा ती माणसं खऱ्या अर्थानं भेटतात. मेच्या उन्हात तिथं टिकलास तर मैत्र पक्कं होईल. पण माणसांसाठी तळमळणाऱ्यानं पहिली नोकरी तिथं करावी असं मला वाटत नाही.

सोलरच्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिकडे खेजडी नावाचं झाड आहे. ते आपल्या शमीचंच झाड. त्याच्या शेंगांची, सांगरीची, भाजी होते, पाला जनावरं खातात, दुष्काळात गावं त्याच्यावर तगली आहेत. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं तोडायला राजाची माणसं आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. अलीकडे सोलर प्रकल्पांसाठी खेजडी तोडल्यावरून बिकानेर भागात आंदोलनं झाली आहेत. तुझ्या टोपीवर सोलर कंपनीचं नाव दिसलं की एखाद्या गावात तुझ्याकडे रागानं पाहतील. तो राग तुझ्यावर नाही, त्यामागे तीनशे वर्षांचं दुःख आहे. उलट बोलू नकोस, त्या झाडाखाली सावलीला बसलास तर फांदी मोडू नकोस. एवढं त्यांच्या लक्षात येतं.

दुबईत दहापैकी नऊ माणसं बाहेरून आलेली आहेत. तिथले मूळचे लोक आतिथ्यात कमी नाहीत. पाहुण्याला तीन दिवस ठेवून घ्यायचं आणि कशासाठी आलास ते विचारायचं नाही, अशी अरबांची जुनी रीत. लेकीच्या ओळखीच्या एका अमिराती घरी मला खजूर आणि वेलचीची कडवट कॉफी मिळाली. छोटा कप रिकामा झाला की त्या बाई पुन्हा भरत. बास झालं हे सांगायला कप हलवून परत द्यायचा असतो, हे मला चौथ्या कपानंतर समजलं. पण इलेक्ट्रिशियनच्या वाट्याला ते घर सहसा येत नाही. तुझी दुबई म्हणजे खोलीतले सहकारी: केरळचा, नेपाळचा, पाकिस्तानचा, बांगलादेशचा. सगळे घरापासून तुटलेले, त्यामुळे एकमेकांना धरून राहतात. जावईबापूंच्या साईटवरची मुलं संध्याकाळी मिळून स्वयंपाक करायची, एकाच्या घरून फोन आला की सगळे स्क्रीनसमोर. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन बाहेरचं काम बंद ठेवायचा तिथला नियम आहे, तो ठेकेदार पाळतो का ते मावसभावाला विचार. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव, तो काढून घ्यायचा मालकाला हक्क नाही. मावसभाऊ ज्या खोलीत राहतो तिथंच जागा मिळत असेल तर दुबईचा विचार जरूर कर. दुसऱ्या टोकाच्या कॅम्पात असशील, तर तो तुला महिन्यातून एकदा भेटेल.

बोलण्याबद्दल एक. आपली हिंदी तुला येते, पण त्यातला 'बे' वर्ध्याच्या स्टेशनवर सोडून जा. मारवाडात मोठ्यांना 'तू' म्हटलेलं लागतं. 'आप' म्हण, नावापुढे 'सा' लाव, सकाळी भेटलेल्याला 'राम राम सा' किंवा 'खम्मा घणी' म्हण. तुझ्या मनाला पटणारा शब्द निवड, नुसता 'नमस्ते सा' सुद्धा चालतो. माझा भाऊ सैन्यात असताना लेहला होता. तेही वाळवंटच, थंडीचं. तिथं 'जुले' हा एकच शब्द नमस्काराला, आभाराला आणि निरोपाला चालतो. तो सांगायचा, तेवढ्या एका शब्दावर पहिला महिना निघाला.

आता ठेकेदाराला काय विचारायचं ते ऐक. राहायची सोय शहरात आहे की साईटवर? सोलरची मोठी कामं वस्तीपासून लांब रानात असतात. फलोदीजवळचा भडला सोलर पार्क हजारो एकरांवर पसरलेला आहे, आणि त्याच फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा जागी पत्र्याच्या खोलीत ठेवणार असेल, तर कागदावर जोधपूर लिहिलं काय आणि बिकानेर लिहिलं काय, तुला ती शहरं फक्त पगाराच्या दिवशी दिसतील. ड्यूटी किती तासांची, पाळी बदलते का, आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, तुझ्याबरोबर आपल्याकडची आणखी कोण मुलं आहेत. हे सगळं फोनवर नको, समोर बसून विचार आणि आईला बरोबर ने. आया अशा माणसांचं तोंड बरोबर वाचतात.

खोली बिकानेर शहरात आणि दिवसपाळी मिळत असेल तर बिकानेरला जा. साईटवरच राहायचं असेल तर जाऊ नकोस, पगार वाढवून दिला तरी. तेव्हा जोधपूरचं विचार, तेही शहरातली खोली असेल तरच.

जाताना जवसाची चटणी जास्तीची घेऊन जा. ती टिकते. पहिल्या आठवड्यात शेजारच्या दारात वाटीभर नेऊन दे. वाटी रिकामी परत आली तरी हरकत नाही, दुसऱ्या दारात ने. चार महिन्यांनी सुट्टी घेऊन एकदा घरी ये, कापसाच्या वेचणीला आई एकटी पडायला नको.

ठेकेदारानं खोलीबद्दल काय सांगितलं ते मला कळव. पुढचं त्यावरून बोलू.

तुझी,
ताई